सरखेल कान्होजी आंगरे

खानदेशातील आपल्या मंडळ्यांपैकी पुष्कळांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. गिरणा व पांझरा ह्या नद्या तापीस मिळतात आणि तापी सुरतेच्या पलीकडे खाऱ्या पाण्यात जाऊन पडते, एवढे आपण शाळेत शिकतो. त्या खाऱ्या पाण्यावर ज्यांनी आयुष्य वेचिले अशा नाखव्यांची व आरमारी सरदारांची नावे आपल्या कानी क्वचितच पडतात. जमिनीवर लढून पडलेल्याची समाधी बांधली जाते, निदान शेंदूर लावलेला एखादा दगड तरी उभा राहतो. समुद्रात गेलेल्याचे तसे काही मागे राहत नाही. त्याचे नाव राहिलेच, तर ते बहुधा त्याच्या घरच्यांनी जपल्यामुळे राहते.

ह्याचा एक दाखला इंग्लंड देशात आहे. तेथील व्हिटबी नावाच्या बंदरातून पूर्वी पुष्कळ जहाजे देवमाशाच्या शिकारीसाठी उत्तर ध्रुवाकडील बर्फाच्या समुद्रात जात असत. देवमाशाच्या चरबीच्या तेलावर त्या काळी दिवे जळत. ह्या जहाजांचे कप्तान महिनेच्या महिने बर्फाच्या डोंगरांमधून वाट काढीत. कित्येक परत आलेच नाहीत. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. विल्यम स्कोर्सबी नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा मात्र विसरला गेला नाही. तो १८०६ साली ८१ अंशांहूनही अधिक उत्तरेस जाऊन आला. आणि डोलकाठीच्या शेंड्यावर टेहळणी करणाऱ्यास वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून पिंपासारखी बैठक त्याने १८०७ मध्ये प्रथम बसविली. त्याच्या मुलाचेही नाव विल्यमच. तोही कप्तान झाला, आणि पुढे समुद्र सोडून १८२५ मध्ये पाळक झाला. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विस्तीर्ण खाडीस ह्या मुलाने १८२२ मध्ये आपल्या बापाचे नाव दिले, आणि १८५१ मध्ये बापाचे चरित्र लिहून छापविले. मुलाने लेखणी हाती धरली नसती, तर बापाची पुष्कळशी हकीकत व्हिटबीच्या धक्क्यावरच संपून गेली असती.

आपल्या महाराष्ट्रात असा दाखला शोधू गेल्यास आंगरे घराण्याकडे पाहावे लागते. त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून जो प्रसिद्ध आहे, त्या कान्होजीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आंगरे हे आरंभी समुद्रावरचे लोक नव्हते. त्यांचे जुने आडनाव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडी ह्या गावावरून त्यांस आंगरे असे म्हणू लागले. कान्होजीचा बाप तुकोजी हा शिवाजी महाराजांच्या पदरी चाकरीस होता. कान्होजीचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला, आणि त्याचे बालपण कोकणात हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या आसमंतात गेले. कोळी, भंडारी इत्यादी दर्यावर्दी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवीत. शिवाजी महाराजांनी आरमार उभारिले ते ह्याच लोकांच्या बळावर. डोंगरी मुलखातील शिपायाचा हा मुलगा त्यांच्यामध्ये वाढून समुद्राची विद्या शिकला.

१६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि राजाराम महाराजांस दक्षिणेत जिंजीस जाऊन राहावे लागले. ह्या संधीस जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने किनाऱ्यावरील किल्ले घेऊ लागला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. तेव्हा तरुण कान्होजीने त्यास कैद केले, शिबंदीस धीर दिला आणि किल्ला लढविला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. तिचे तपशील निरनिराळे सांगतात. परंतु एवढे खरे की, पडत्या काळात किनारा ज्या थोड्या लोकांनी राखिला त्यांत कान्होजी पुढे होता. १६९८ च्या सुमारास आरमाराचा मुख्य सिधोजी गुजर हा मरण पावल्यावर कान्होजीस सरखेलपद मिळाले. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती.

कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग ही त्याची मुख्य ठाणी होती. त्याची जहाजे मुख्यतः दोन जातींची. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे जहाज. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांनीही चालणारे. वारा पडला म्हणजे परदेशी लोकांची अवजड जहाजे जागच्या जागी थांबत. अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांस दोराने ओढून आणीत, आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथे त्याच्या तोफा थोड्या असत, तेथे मारा करीत. ही जहाजे उथळ पाण्यातही चालत, म्हणून संकट आले की ती खाडीत शिरत आणि मोठ्या जहाजांस मागे येता येत नसे.

कान्होजीचा सर्वांशी जो कलह झाला तो दस्तकांवरून. ह्या किनाऱ्यावरून जो व्यापारी जाईल त्याने सरखेलाचे दस्तक, म्हणजे परवाना, विकत घ्यावा. न घेईल त्याचे जहाज धरून आणावे, असा त्याचा नियम होता. हा नियम त्याने नवीन काढिला असे नव्हे. त्याच्या पूर्वीपासून पोर्तुगीज लोक ह्याच समुद्रावर असेच परवाने देत आले होते, आणि इंग्रजही देत असत. परंतु एका मराठ्याने तोच हक्क सांगितला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यास चांचा, म्हणजे समुद्रावरील लुटारू, ठरविले. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नराचे एक जहाज कान्होजीच्या लोकांनी पकडिले. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा मुख्य मारला गेला व त्याची बायको कैद झाली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये दंड घेऊन कान्होजीने तिला सोडिले. ही गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. तो त्या काळचा लढवय्या होता आणि त्या काळची रीत त्याच्याही अंगी होती.

ह्याच सुमारास त्यास एक मोठा निर्णय करावा लागला, आणि त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या खानदेशाशी जुळलेला आहे. औरंगजेब १७०७ मध्ये मरण पावल्यावर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, नर्मदा उतरून खानदेशात आले, आणि आजच्या धुळे जिल्ह्यातील लांबकानी येथे त्यांस साथीदार मिळाले. तेथून पुढे मराठ्यांच्या राज्यात दोन पक्ष झाले. एक शाहू महाराजांचा, दुसरा ताराबाईंचा. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचा होता. शाहू महाराजांनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे ह्यास त्याच्यावर पाठविले, तेव्हा कान्होजीने त्या पेशव्यासच पकडून कैदेत ठेविले. पुढे बाळाजी विश्वनाथ ह्यास पेशवेपद देऊन पाठविण्यात आले. बाळाजी मूळचा कोकणातील श्रीवर्धनचा, आणि कान्होजीची व त्याची ओळख जुनी. लढाई न होता बोलणे झाले, आणि कान्होजीने शाहू महाराजांस धनी मानिले. त्याचे सरखेलपद व किल्ले त्याच्याकडे कायम राहिले. १७१३ सालच्या अखेरीस व १७१४ च्या आरंभी घडलेल्या ह्या समेटाने भाऊबंदकीची मोठी आग विझली.

त्यानंतर परकीयांनी त्याचे किल्ले घेण्याचे अनेक प्रयत्न केले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज ह्या दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. तीही वाया गेली, आणि पोर्तुगिजांनी निराळा तह करून घेतला. १७२४ मध्ये डच लोकांच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागिल्या. त्यांसही रिकाम्या हातांनी परतावे लागले. १७२९ साली कान्होजी मरण पावला तोवर त्याचा एकही मुख्य जलदुर्ग ह्या तिघांपैकी कोणासही घेता आला नव्हता. त्याची समाधी अलिबाग येथे आहे.

परक्यांस जे साधले नाही ते घरच्या फुटीने साधले. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये वारला, आणि संभाजी व मानाजी ह्या भावांमध्ये वाटणीचा तंटा लागला. बाजीराव पेशव्याने १७३५ मध्ये दौलत दुभागून दिली. एक भाऊ कुलाब्यास बसला, दुसरा सुवर्णदुर्गास. संभाजीच्या मागून तुळाजी आला. त्याचे व पेशव्यांचे पटेना. शेवटी पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजीचे आरमार जळून खाक झाले. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. मराठ्यांचे हात आपल्याच आरमारास आग लावण्यास साह्य झाले, ही गोष्ट वाचताना आजही मन खिन्न होते. कुलाब्याची शाखा पुढे काही पिढ्या टिकली. पण औरस वारस नाही ह्या कारणाने कंपनी सरकारने १८४० मध्ये ते संस्थान खालसा केले.

ह्याप्रमाणे जहाजे गेली, राज्यही गेले. नाव तरी कसे उरले? कान्होजीविषयी पहिली पुस्तके लिहिली ती त्याच्या शत्रूंनी. कंपनीच्या जहाजांवर चाकरी केलेल्या क्लेमंट डाउनिंग ह्याने १७३७ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच आंगऱ्यास चांचा म्हटले आहे. १९०७ मध्ये निघालेल्या बिडल्फ साहेबाच्या पुस्तकाच्या नावातही मलबारचे चांचे हेच शब्द आहेत. पावणेदोनशे वर्षे जगाने एकाच पक्षाची साक्ष ऐकिली. दुसऱ्या पक्षाची साक्ष मराठी घरांतील दप्तरांत, मोडी कागदांच्या रुमालांत बांधून पडली होती. सनदा, वतनाचे कागद, आप्तांस लिहिलेली पत्रे, वंशावळी असे ते सामान होते.

हे रुमाल सोडविण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी केले त्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे अग्रेसर होते. गावोगाव हिंडून, घरोघरी विनवण्या करून त्यांनी जुने कागद मिळविले, आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या नावाने १८९८ पासून खंडांमागून खंड छापिले. आयुष्याच्या अखेरीस ते आपल्या धुळ्यास राहिले आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात जुन्या घरांची साक्ष राखून ठेविली गेली, हे खानदेशास भूषणावह आहे. पुढे दा. गो. ढबू ह्यांनी कुलाबकर आंगऱ्यांच्या घराण्याचा इतिहास १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. अशा कागदांमुळे चांचा म्हणून ठरविलेला पुरुष पुन्हा सरखेल म्हणून ओळखला जाऊ लागला. स्वतंत्र भारताच्या आरमाराने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या किनाऱ्यावरील ठाण्यास आंग्रे हे नाव दिले. २०२५ मध्ये जगाच्या वारशात जे मराठ्यांचे बारा किल्ले दाखल झाले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे आहेत.

परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी व सिद्दीशी झुंजणारे मायनाक भंडारी व दौलतखान हेही शूर कप्तान होते. त्यांची नावे इतिहासात आहेत; पण त्यांच्या घरादाराची हकीकत आपल्या हाती फारशी आली नाही. गुराबांवरचे तांडेल व गलबतांवर वल्ही मारणारे शेकडो खलाशी ह्यांची तर नावेही गेली. ते कान्होजीहून कमी शूर होते असे नाही. त्यांच्या घरी कागद नव्हता, इतकेच.

आपल्या गावांतील पुष्कळ घरांची स्थिती त्या खलाशांच्या घरांसारखीच आहे. भाट वंशावळीची वही घेऊन ज्यांच्या दारी कधी आला नाही, अशीच आपल्यांतील बहुतेक कुळे. १८९९-१९०० च्या छपन्नच्या दुष्काळात आईबाप गमावलेली कितीतरी मुले अनाथाश्रमांत वाढली. कित्येकांच्या घराण्याचा धागा तेथेच तुटला. आता त्यांच्या नातवंडांचेही केस पिकू लागले आहेत. जे काही आठवते ते त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून प्रत्येक मंडळीतील शिक्षकाने किंवा उपदेशकाने एक जाड वही घ्यावी आणि वृद्ध माणसांजवळ बसून विचारावे. आजोबांचे नाव काय, आजीचे माहेर कोणते? आडनाव गावावरून पडले असेल तर तो गाव कोठे आहे? कोणत्या सालच्या दुष्काळात घर सोडिले, कोणाच्या शेतावर मजुरी केली, घरात पहिले अक्षर कोण शिकले? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, सांगणाऱ्याचे नाव व दिवस घालावा, आणि मंडळीच्या जुन्या दप्तराशी ताडून पाहावे. भावाभावांचे तंटे व वडिलांच्या चुकाही वगळू नयेत. कान्होजीचा दंड आणि त्याच्या मुलांची फूट वगळली असती तर त्याची हकीकत खरी वाटली नसती. स्कोर्सबीच्या मुलाने बापासाठी जे केले, ते करण्यास मोठी विद्या लागत नाही. वही लागते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी बसण्यास संध्याकाळचा थोडा वेळ लागतो. सुगी आटोपली म्हणजे तो आपणांपाशी असतो.