वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर

औषध नव्हतें म्हणून रोगी मेला, असें आपण सहज म्हणतों. परंतु पुष्कळ वेळां औषध असतें व वैद्यही असतो. मात्र दोघांच्या मध्यें कोसांचें अंतर, बुडणारी मजुरी अथवा रूढीची भिंत असते. हें अंतर कमी करण्यांत जिनें आयुष्य वेंचिलें, त्या बाईचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करितों.

आयडा स्कडर यांचा जन्म ता. ९ डिसेंबर १८७० रोजीं, सध्यांच्या तमिळनाडू राज्यांतील राणीपेट येथें झाला. आजोबा व वडील दोघेही मिशनरी डॉक्टर. लहानपणीं दुष्काळांतील उपाशी मुलें पाहिल्यामुळें आपण मोठेपणीं या देशांत राहावयाचें नाहीं, असें आयडांनीं ठरविलें होतें. अमेरिकेंत शिक्षण झाल्यावर, आईच्या आजारपणामुळें त्या १८९० सालीं थोड्या दिवसांकरितां तिंडिवनम येथें आल्या. तेथें एके रात्रीं एक ब्राह्मण, एक मुसलमान व आणखी एक हिंदु गृहस्थ असे तिघे एकामागून एक दारीं आले. तिघांच्याही बायका बाळंतपणांत अडल्या होत्या. वडील जावयास तयार होते. पण परपुरुषानें स्त्रीस पाहावें हें त्या घरांस मान्य नव्हतें, आणि आयडांस तर वैद्यकी ठाऊक नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या रात्रीनें आयडांचा निश्चय पालटला.

न्यू यॉर्क येथील कॉर्नेल वैद्यकीय विद्यालयाची पदवी १८९९ सालीं घेऊन त्या परतल्या व वेल्लोर येथें राहिल्या. थोड्याच महिन्यांत वडील वारले. घरांतील एक खाट हाच त्यांचा पहिला दवाखाना होता. पुढें शेल नामक अमेरिकन गृहस्थानें दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले, आणि १९०२ सालीं चाळीस खाटांचें रुग्णालय उभें राहिलें.

तरी इमारत झाली म्हणजे खेड्यांतील गरिबांस औषध मिळालें असें नव्हे, हें त्यांनीं ओळखिलें. जो येऊं शकत नाहीं त्याच्याकडे आपणच गेलें पाहिजे, असें ठरवून त्या प्रथम बैलगाडीनें व १९०९ पासून मोटारीनें गुडियात्तमच्या रस्त्यानें जाऊं लागल्या. मोटार प्रथम दिसली तेव्हां लोक भिऊन पळाले. पुढें तेच लोक झाडाखालीं वाट पाहत बसूं लागले. तेथेंच जखमा धुतल्या जात, डोळे तपासले जात, आणि ज्यांस कोणी शिवत नसे त्या कुष्ठरोग्यांसही औषध मिळे.

एका डॉक्टराचे हात कितीकांस पुरणार? म्हणून त्यांनीं १९०९ सालीं परिचारिकांचें शिक्षण व १९१८ सालीं स्त्रियांकरितां वैद्यकीय शाळा सुरू केली. तीन मुली तरी मिळतील कीं नाहीं, अशी शंका एका सरकारी अधिकाऱ्यास होती. पहिल्याच वर्गाच्या चौदा मुली परीक्षेस बसल्या व चौदाही उत्तीर्ण झाल्या. १९४७ पासून तेथें मुलांसही प्रवेश मिळूं लागला. बाई ता. २४ मे १९६० रोजीं कोडाईकनाल येथें निवर्तल्या. वेल्लोरचें काम आजही चालूं आहे.

वाचकहो, आपण सर्व डॉक्टर होऊं शकत नाहीं. परंतु दवाखाना गांवीं असूनही, हात धरून नेणारें कोणी नसेल तर एकट्या म्हातारीस तो दूरच आहे. तेवढें अंतर तरी आपण कमी करूं शकतों.