मलिक अंबर आणि खडकीचे पाणी

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात मलिक अंबर हे नाव आपल्या मुलांना एखाद-दुसऱ्या ओळीत भेटते. गनिमी काव्याचा उस्ताद, मुघलांचा कट्टर वैरी, एवढे पाठ केले की परीक्षेचे गुण मिळतात. पण ज्या माणसाने एक शहर वसविले, त्याने त्या शहराच्या तहानेचा विचार कसा केला, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ही थोडी हकिकत.

मलिक अंबर यांचा जन्म 1548 च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. घरचे नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि बाजारांमागून बाजार फिरत बगदादला पोहोचले. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्यांना लिहिणे, वाचणे व हिशेब शिकविला. अंबर हे नावही त्यानेच दिले. आई-बाप, मुलूख, नाव, सारे हिरावून घेतलेल्या पोराच्या पदरात एवढी एकच गोष्ट पडली, ती म्हणजे तालीम. पुढे दख्खनेत निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेज खान स्वतःही हबशीच होते. त्यांच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मोकळे झाले, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिले आणि पुन्हा निजामशाहीकडे आले.

1600 साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. राज्य बुडाले असे सर्वांनी धरून चालले होते. अंबर यांनी मात्र दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला परांड्यास गादीवर बसविले आणि पुढची पंचवीस वर्षे दिल्लीच्या फौजांना दख्खनेत झुंजत ठेवले. त्यांच्या पदरी मराठे सरदार होते. मालोजी भोसले व त्यांचे पुत्र शहाजीराजे यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. जहांगीर बादशहाला या हबशी वजिराचा एवढा राग होता की, अंबर यांच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधी लागले नाही. लढायांची ही यादी लांब आहे. ती येथे सोडून देऊ.

1610 साली राजधानी दौलताबादेस आणून जवळच्या खडकी या खेड्याच्या जागी त्यांनी नवे नगर वसविण्यास घेतले. जागा मोक्याची, पण नावाप्रमाणेच खडकाळ. खाली काळा पाषाण, जवळून वाहणारी खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. फौजफाटा, बाजार, कारागीर आणि त्यांची कुटुंबे यांना बारमाही पाणी द्यायचे कोठून? दुसरा एखादा असता तर त्याने मोठा तलाव बांधला असता. अंबर यांनी नजर वळवली ती शहराच्या उत्तरेस असलेल्या डोंगरांकडे. पावसाळ्यात डोंगरावर पडलेले पाणी सगळेच नदीने वाहून जात नाही. बरेचसे मुरुमात, मातीत मुरते आणि उताराने सावकाश खाली सरकत राहते. हे दडलेले पाणी वाटेतच अडवावयाचे, हीच नहर-ए-अंबरीची सारी युक्ती.

त्यासाठी हर्सूलच्या बाजूने जमिनीखाली बोगद्यासारखी चर खणली. तिला उतार अगदी बेताचा. जास्त दिला तर पाणी माती उखडते, कमी दिला तर गाळ बसतो. दोन्ही बाजूंनी झिरपणारे पाणी चरीत जमते आणि आपल्याच वजनाने शहराकडे चालू लागते. ना मोट, ना रहाट, ना बैल. ठराविक अंतरावर उभी विवरे ठेवली, म्हणजे हवा खेळती राहावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा. शहरात मातीच्या नळांतून पाणी हौदांत उतरे. पुढच्या काळात अशाच आणखी कितीतरी नहरी झाल्या. पाणचक्की तर सर्वांनी पाहिलेली. तिचे पाणीही डोंगरातल्या झऱ्यावरून नहरीनेच येते.

ही विद्या अंबर यांनी कोठे उचलली? बगदादच्या मुलखात अशा भूमिगत कालव्यांची रीत जुनी आहे, आणि अहमदनगरला निजामशाहीच्या नहरी त्यांच्या आधीपासून होत्या. दोन्ही ठिकाणी ते राहिले होते. डोळे उघडे ठेवून राहिले असणार, असे मला वाटते.

कारभारातही त्यांची पद्धत हीच. आधी जमीन पाहायची, मग हुकूम काढायचा. महसुलाची इजारदारी मोडून त्यांनी जमिनीची मोजणी व प्रतवारी करविली आणि पीक पाहून सारा ठरविला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीच्या व्यवस्थेवर या धाऱ्याची छाप राहिली.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. 1624 साली भातवडीच्या लढाईत मुघल आणि विजापूरच्या फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा याच माणसाने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला. पाणी साठवणारे हात पाणी सोडूही जाणत होते. त्या तलावाखालच्या शेतकऱ्यांचे त्या साली काय झाले, हे कोणत्याही तवारिखीत सापडत नाही.

खडकीलाही मुघलांनी एकदा नव्हे, दोनदा जाळले. घरे पुन्हा उभी राहिली, कारण जमिनीखालची नहर आगीच्या आवाक्यात नव्हती.

1626 च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर यांचा इंतकाल झाला. मुघल दरबारच्या मुतमद खानानेही आपल्या इतिहासात त्यांची तारीफ लिहून ठेवली. दहा वर्षांत निजामशाही संपली. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नहर मात्र विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली. नंतर नळाला जायकवाडीचे पाणी आले, 1982 साली महानगरपालिका झाली, शहर हर्सूलकडे पसरले. नहरीच्या वाटेवर पाया खणले गेले, विंधनविहिरींनी मुरलेले पाणी वर ओढले, कित्येक विवरे कचऱ्याने बुजली. मुलांना घेऊन खुलताबादला त्यांच्या मकबऱ्यावर जाणारे पुष्कळ आहेत. परतताना हर्सूलच्या बाजूने यावे. न बुजलेले एखादे विवर दिसले तर थांबून, जपून, आत डोकावून पाहावे.