पोलादी पिस्तूल आणि अनंत कान्हेरे

जुनी, अख्ख्या पोलादाची ब्राउनिंग पिस्तुले जगभरचे संग्राहक हौसेने जमवतात. चपटी, खिशात मावणारी, घडण खरोखर देखणी. आम्हाला मात्र ती पाहून हुतात्मा अनंत कान्हेरेच आठवतात.

जन्म १८९२ चा, खेड तालुक्यातला (रत्नागिरीकरांनो, आपल्याच मातीतला!). शिक्षण इंदूरला आणि तेव्हाच्या औरंगाबादेत. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले धाडली; त्यांतले एक अनंतरावांच्या हाती आले. बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, त्याचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, हेही सांगायलाच हवे.

१९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह अनंतराव फासावर गेले. वय जेमतेम १८.