विल्यम मॉरिस

विल्यम मॉरिस (२४ मार्च, १८३४ - ३ ऑक्टोबर, १८९६) हे इंग्लंडमधील नक्षीकार, कवी, कादंबरीकार व समाजवादी विचारवंत होते. छापील सुती कापडाचे रंग टिकावेत यासाठी त्यांनी मागे पडलेल्या रंगाईच्या पद्धती पुन्हा वापरात आणल्या.

त्यांचा जन्म लंडनजवळील वॉल्थमस्टो येथे झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १८६१ मध्ये त्यांनी मित्रांच्या भागीदारीत गृहसजावटीच्या वस्तूंची कंपनी काढली. १८७५ मध्ये ती एकट्या त्यांच्या मालकीची झाली.

रंगांचा अभ्यास

पर्किन यांनी १८५६ मध्ये शोधलेल्या कृत्रिम रंगापाठोपाठ ॲनिलीन रंगांचा बाजारात सुळसुळाट झाला. ते चमकदार होते, परंतु त्यांतील अनेक रंग उजेडाने लवकर विटत. एकाच नक्षीतील एक रंग उडून दुसरा तसाच राहिला, की सारी नक्षी बिघडे. मॉरिस यांनी लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल यांच्यासोबत नीळ व मॅडर (मंजिष्ठेच्या जातीची वनस्पती) यांचे प्रयोग केले. ते स्वतः रंगाच्या पिंपात काम करत. त्यांचे हात निळे झालेले असत.

मर्टन ॲबी

१८८१ मध्ये त्यांनी वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे कारखाना सुरू केला. पिंपातील विरघळलेली नीळ हवा लागताच पुन्हा न विरघळणारी होते, म्हणून ती ठशाने थेट छापणे कठीण असते. यावर जुनाच उपाय योजण्यात आला: संपूर्ण कापड निळीत रंगवून, जेथे निळा रंग नको तेथे ठशाने विरंजक द्रव्य छापायचे. मॅडरसाठी तुरटीसारखे रंगबंधक आधी छापत. रंगात बुडवल्यावर कोऱ्या भागावरही फिकट डाग पडे. कोंड्याच्या पाण्यातून काढून व कापड हिरवळीवर पसरून तो घालवला जाई.

१८८३ मधील 'स्ट्रॉबेरी थीफ' या नक्षीत निळीच्या जोडीला लाल व पिवळा हे रंगही आले. प्रत्येक रंगासाठी छपाई, रंगाई, धुलाई अशी स्वतंत्र फेरी असल्याने कापडास अनेक दिवस लागत व किंमत वाढे. त्याच वर्षी मॉरिस समाजवादी चळवळीत दाखल झाले. त्यांचे टिकाऊ कापड मात्र कामगारांच्या आवाक्याबाहेरच राहिले आणि ही विसंगती त्यांना अखेरपर्यंत सोडवता आली नाही.

१८९१ मध्ये त्यांनी केल्म्स्कॉट प्रेस हा मुद्रणालयाचा उपक्रम सुरू केला. लंडनमधील हॅमरस्मिथ येथे त्यांचे निधन झाले. केल्म्स्कॉट गावातील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.