वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि त्यांचा क्रूस

क्रूस हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे, कीं त्याचा भार आपणांस जाणवेनासा झाला आहे. दारावर क्रूस, गळ्यांत क्रूस, जेवणापूर्वीं क्रूसाची खूण; आणि एवढें असूनहि पुष्कळांची समजूत अशी, कीं खरा क्रूस हुतात्म्यांचा, शेतीभातीशीं, दुकानाशीं किंवा नोकरीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. म्हणूनच ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत अशा एका पुरुषाचें चरित्र थोडक्यांत देत आहें, कीं जे खरोखरीच लाकडाच्या क्रूसावर मरण पावले; परंतु तो क्रूस उचलण्याचा अभ्यास ज्यांनीं जन्मभर साध्या कामांतच केला.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईस झाला. वसई 1534 पासून पोर्तुगीजांच्या हातीं होती. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. जेजुइट धर्मगुरूंच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याच धर्मगुरूंच्या सोबतीनें ते जपानला गेले. त्या वयांत परकी भाषा जिभेवर लवकर बसते. गोन्सालो जपानी भाषा उत्तम बोलूं लागले आणि धर्मोपदेशकांचे साहाय्यक म्हणून गांवोगांव हिंडले. मुलांना धर्मशिक्षण द्यावें, आजाऱ्यांकडे जावें, फादरांचें बोलणें लोकांस समजावून द्यावें, अशीं आठ वर्षें गेलीं.

त्यांची मनापासून एकच इच्छा होती, ती म्हणजे जेजुइट संघांत प्रवेश मिळावा. ती इच्छा पूर्ण झाली नाहीं. ज्यांच्यासाठीं तारुण्य वेंचलें, त्यांच्याच दारांत उंबऱ्याबाहेर राहावें लागलें. माझ्या मतें या चरित्रांतला पहिला क्रूस हाच होय. आणि नागासाकीच्या टेकडीवरील क्रूसाहून तो हलका होता असें मला म्हणवत नाहीं. भाल्याची जखम क्षणाची असते. नकाराची जखम मनुष्य रोज सकाळीं उठतांना बरोबर घेऊन उठतो, आणि त्या जखमेंतून कडूपणा किती लवकर वाहूं लागतो, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. कोणी रुसून मंदिराची पायरी सोडतो, कोणी जन्मभर गाऱ्हाणें गात बसतो.

गोन्सालो व्यापारांत शिरले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा धंदा चांगला चालला, पैसा मिळाला, ओळखी वाढल्या. येथें कथा संपली असती, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. पण जमाखर्चाच्या वह्यांत त्यांचें मन रमलें नाहीं. ते फिलिपाइन्समधील मनिला येथें गेले आणि संत फ्रान्सिसच्या संघांत साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपद त्यांनीं मागितलें नाहीं. ज्यानें गलबतांतला माल मोजला, त्याच्या वांट्यास आतां झाडूं, चूल आणि आजाऱ्यांचें अंथरूण आलें.

आणि मग देवाची योजना पाहा! 1593 सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचे सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यांच्याकडे वकील म्हणून पाठविलें. दुभाषी कोण? वसईचे ब्रदर गोन्सालो. पोरवयांत धर्मशिक्षण देतांना आणि पुढें बंदरांत सौदे करतांना जी भाषा तोंडांत बसली, तीच आतां दरबारांत उपयोगी पडली. व्यर्थ गेलेलीं वाटलेलीं वर्षें व्यर्थ गेलीं नव्हतीं. परवानगी मिळाल्यावर फ्रान्सिस्कनांनीं क्योटो येथें मंदिर बांधिलें आणि गोरगरिबांसाठीं, विशेषतः महारोग्यांसाठीं, रुग्णालयें काढिलीं. ज्यांस त्यांच्या घरच्यांनीं टाकलें होतें, त्यांच्या जखमा या ब्रदरांनीं धुतल्या.

1587 सालींच हिदेयोशी यांनीं मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम केला होता. मात्र त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. 1596 च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळानें जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त झाला, संशय वाढला, आणि डिसेंबरांत ब्रदर आणि फादर कैद झाले. 1597 च्या जानेवारींत क्योटोच्या रस्त्यांत सर्व कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला. मग ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत शेंकडों मैल चालविलें. निघाले तेव्हां ते 24 होते. वाटेंत त्यांची शुश्रूषा करणारे दोन ख्रिस्ती गृहस्थहि पकडले गेले आणि संख्या 26 झाली. त्या दोघांचा अपराध एवढाच, कीं त्यांनीं भुकेल्यांस अन्न आणि थकलेल्यांस आधार दिला. त्या 26 जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, पॉल मिकी यांच्यासह तीन जेजुइट, आणि सतरा प्रापंचिक ख्रिस्ती. एक मुलगा तर अवघा बारा वर्षांचा.

ज्यांनीं गोन्सालोंस संघांत घेतलें नव्हतें, त्यांच्याच संघाचे तीन पुरुष आतां त्यांच्या शेजारीं क्रूसावर होते. तेथें कोण आंत आणि कोण बाहेर, हा प्रश्न उरला नाहीं.

5 फेब्रुवारी 1597 रोजीं निशिझाका टेकडीवर क्रूस उभे राहिले. जपानी रीतीप्रमाणें खिळे न ठोकतां दोरांनीं व लोखंडी कड्यांनीं देह आंवळले, आणि दोन्ही बाजूंनीं भाले खुपसून प्राण घेतले. ब्रदर गोन्सालोंस सर्वांत आधीं क्रूसावर चढविलें, असें परंपरा सांगते.

पोप उर्बान आठवे यांनीं 1627 सालीं या वीरांस धन्य म्हणून जाहीर केलें, आणि 8 जून 1862 रोजीं पोप पायस नववे यांनीं त्यांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोहोंचलेले गोन्सालो हे पहिले. वसईंतील गास गांवचें मंदिर त्यांच्या नांवाचें आहे. निशिझाका येथें 1962 सालीं 26 जणांचें कांशाचें स्मारक उभारण्यांत आलें, आणि त्यांत हात जोडून उभ्या असलेल्या मूर्तींमध्यें आपल्या वसईचे हे ब्रदरहि आहेत.