लंडनमधला भुकेला विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



आपल्या पुंडलिकनगर परिसरात गावाकडून शिकायला आलेली कितीतरी मुलं-मुली राहतात. चौघांत एक खोली, एका वेळचा डबा, आणि घरून पैसे यायला उशीर झाला की जिवाची घालमेल. अशा मुलांना मी नेहमी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. तो आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त उपाशी राहिला, पण अभ्यास सोडला नाही. आज त्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण आजचा धडा त्यांच्या घटनेचा नाही, त्यांच्या लंडनमधल्या विद्यार्थीदशेचा आहे.

अर्धवट राहिलेलं शिक्षण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा करार होता.

१९१६ साली ते अमेरिकेहून लंडनला आले. तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. वय २५ वर्षांचं. त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन. अभ्यास नुकताच रुळावर येत होता, तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पूर्ण करायची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली. परतताना त्यांनी जमवलेली पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली.

बडोद्यात तर त्याहून वाईट झालं. एवढी मोठी पदवी असलेल्या माणसाला जातीमुळे कोणी राहायला जागा देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत मुक्काम केला, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. शेवटी ते मुंबईला निघून गेले. लंडनसारख्या परक्या शहरात भाड्याची खोली मिळते आणि आपल्या देशात मिळत नाही, हा अनुभव त्यांना २६ व्या वर्षी आला.

पुन्हा लंडन

नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी हा चांगलाच पगार होता, सुखाने राहता आलं असतं. पण ते परळच्या चाळीतच राहिले आणि पै-पै साठवत गेले, कारण चार वर्षांची ती मुदत डोक्यावर होती.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्ज, एवढी पुंजी. आता पाठीशी शिष्यवृत्ती नव्हती. घरी पत्नी रमाबाई आणि मुलगा यशवंत. त्यांच्या घरखर्चासाठी ठेवलेले पैसे बेताचेच होते. तिकडे भीमराव उपाशी आणि इकडे रमाबाई काटकसरीत. म्हणजे हे शिक्षण एकट्याच्या कष्टावर झालेलं नाही. पदवीवर नाव एकाचं असतं, तिच्यामागे घर असतं. हे आपणही विसरू नये.

लंडनमधला दिवस

महायुद्धानंतर इंग्लंडात महागाई भडकली होती. भीमरावांना एका खानावळवजा घरात जागा मिळाली. घरमालकीण फार कडक होती. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मासा आणि चहासारखं एखादं गरम पेय, एवढीच न्याहारी. ती उरकून ते तडक ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. शक्यतो पायीच, म्हणजे बसचं भाडं वाचे.

या ग्रंथालयाचं घुमटाखालचं गोल वाचनालय जगप्रसिद्ध होतं. कार्ल मार्क्सने तिथेच वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला होता. भीमराव दार उघडताना हजर असत आणि बंद होताना शेवटच्या माणसांबरोबर बाहेर पडत. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच, कारण जेवणाला पैसे लागतात आणि वेळही जातो. शिवाय इंडिया ऑफिसचं ग्रंथालय होतं. हिंदुस्थानच्या कारभाराचे जुने अहवाल आणि हिशेबाचे कागद तिथे मिळत.

रात्री खोलीवर परतल्यावर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे आणि वर कपभर दूध. मग पहाटेपर्यंत अभ्यास. सोबत राहणारे गृहस्थ झोपायला सांगत, पण यांची पुस्तकं मिटत नसत.

गंमत बघा. बॅरिस्टर होण्यासाठी नुसती परीक्षा देऊन भागत नाही. ग्रेज इनच्या भोजनगृहात ठराविक वेळा जेवायला हजर राहावं लागे, तरच सत्र भरलं असं धरत. दुपारी उपाशी राहणाऱ्या या विद्यार्थ्याला तिथे नियम म्हणून जेवावं लागत होतं!

रुपयाचा प्रश्न

भीमराव संशोधन करत होते ते रुपयाच्या किमतीवर. आणि त्याच काळात रुपयाच घसरत होता. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे मुंबईहून तेवढेच रुपये आले तरी लंडनमध्ये हाती पौंड कमी पडायचे. पुस्तकातला प्रश्न असा थेट खिशात आला होता. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. स्वाभिमानी माणसाला असं पत्र लिहिणं किती जड गेलं असेल, याचा विचार करा.

तरीही काम थांबलं नाही. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवलं, त्यासाठीचा अर्ज स्वतः जर्मन भाषेत लिहिला. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. इंग्रज सरकारच्या धोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी तो सुधारून लिहायला सांगितलं. पण लंडनमध्ये राहायला पैसेच उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि पाठवून दिला. निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने छापलाही गेला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातली मतं पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. मत न पटलेल्या विद्यार्थ्याचाही मान ठेवायचा, हे आम्हा शिक्षकांनी कॅनन यांच्याकडून शिकावं.

लंडनहून नागसेनवनापर्यंत

लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं आणि २०१५ मध्ये तिथे स्मारक झालं. पण मला विचाराल तर त्या भुकेल्या दिवसांचं खरं स्मारक आपल्याच शहरात आहे. मराठवाड्यातल्या गरीब मुलांना शिकायला लांब जावं लागू नये, म्हणून बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. पण उपाशीपोटी शिकणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होतं, त्याने लावलेलं हे झाड अजून सावली देतंय.

मित्रांनो, उपाशी राहणं चांगलं असतं, असा अर्थ यातून काढू नका. बाबासाहेबांनीही तसं मानलं नाही. पुढच्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून तर त्यांनी वसतिगृहं आणि कॉलेजं काढली. घ्यायचं ते एवढंच : अडचण आली, पैसे संपले, प्रबंध परत आला, तरी अर्धवट राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं. तुमचा एखादा विषय राहिला असेल, एखादं वर्ष वाया गेलं असेल, तर पुन्हा सुरुवात करा. आणि एखाद्या रविवारी नागसेनवनात जाऊन या. आपल्या पुंडलिकनगरहून ते काही फार लांब नाही.