खिडकीबाहेरचे पिंप

दिवस मावळला की धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या गावांत बहुतेक घरांची दारे-खिडक्या लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांतही तेच दिसते. कारण विचारले तर कुणी बिबट्याचे सांगतो, कुणी सापाचे, कुणी डासांचे. एखादे म्हातारे माणूस सांगते, रात्रीची हवा बाधते, ताप येतो.

ही शेवटची समजूत फक्त आपल्याकडची नाही. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन भाषेत ‘वाईट हवा’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून झाला. दलदलीतून रात्री विषारी वाफा उठतात आणि त्या श्वासावाटे शरीरात गेल्या की थंडी वाजून ताप येतो, असे युरोपातले डॉक्टरही शेकडो वर्षे मानत होते. त्यामुळे रोमच्या आसपासचे शेतकरी अंधार पडला की खिडक्या बंद करत. त्यांना ताप येतच राहिला.

रात्रीच्या हवेवरचा हा आळ पुसण्यात मोठा वाटा असलेल्या सर रोनाल्ड रॉस यांचे निर्णायक काम सिकंदराबादला झाले. बल्लारशाहहून काजीपेटमार्गे जाणाऱ्या गाडीने आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे सहज जाऊन येतात. रॉस यांची डासांशी पहिली गाठ पडली तीही एका खिडकीपाशीच.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातल्या अल्मोडा येथे झाला. वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. मुलाचा ओढा चित्रकला, संगीत, कविता आणि गणित यांच्याकडे होता, पण वडिलांना त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत जावे असे वाटत होते. वडिलांपुढे त्यांचे काही चालले नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले, पण मन लावून नाही. एका परीक्षेत ते नापासही झाले. अखेर १८८१ मध्ये सेवेत निवड होऊन ते मद्रास इलाख्यात रुजू झाले.

१८८३ मध्ये त्यांची नेमणूक बंगळुरूच्या छावणीत झाली. राहायला बंगला चांगला मिळाला, पण डासांनी जीव नकोसा केला. इतर बंगल्यांपेक्षा आपल्याच खोलीत डास जास्त का, हे त्यांना कळेना. शोधताना खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाभोवती डासांचा थवा दिसला. आत वाकून पाहिले तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप उपडे केले आणि खोलीतले डास कमी झाले. छावणीतल्या भोजनगृहाजवळची साठवणही अशीच रिकामी करावी, असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला सुचवले. त्याला ते पटले नाही. निसर्गाने डास निर्माण केले ते काही हेतूनेच, त्यात ढवळाढवळ कशाला, असे त्याचे मत होते. डास हिवताप पसरवतो, हे तेव्हा रॉस यांनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी डास म्हणजे फक्त झोपमोड.

हिवतापाचा परजीवी मात्र त्याआधीच सापडला होता. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने तो रुग्णाच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता आणि रॉसही शंका घेणाऱ्यांतले होते. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असताना त्यांची पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टरांशी भेट झाली. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवले होते. त्यांनी रॉस यांना रक्तातला परजीवी दाखवला आणि हिवतापातही डासाचा हात असावा, असा आपला तर्क सांगितला. तर्काचा पुढचा भाग चुकीचा होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असे मॅन्सन यांना वाटत होते.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला आले आणि कामाला लागले. हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचे, आत डास सोडायचे आणि रक्त प्यायलेले डास पकडून फाडून पाहायचे, असा त्यांचा क्रम होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळे. मेलेल्या डासांचे पाणी स्वयंसेवकांना पाजण्याचे प्रयोगही त्यांनी केले. आज अशा प्रयोगाला कोणीही परवानगी देणार नाही. त्यातून ठोस असे काही सिद्ध झाले नाही. मध्येच बंगळुरूला पटकीच्या साथीचे काम लागले. १८९७ मध्ये निलगिरीच्या पायथ्याशी हिंडताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला.

दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण ते ज्या जातीचे डास तपासत होते त्यांत माणसाच्या हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास मिळाले. आपण त्यांना ॲनोफिलीस म्हणतो. असे थोडे डास हुसेन खानच्या अंगावर सोडले गेले. खोलीत उकाडा असह्य होता, पण वाऱ्याने फाडलेले डास उडून जातील म्हणून पंखा ओढू देता येत नव्हता. कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला मोजकेच डास उरले असताना एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना गोल पेशी दिसल्या. पेशींत काळसर रंगाचे कण होते, अगदी हिवतापाच्या परजीवीत असतात तसे. दुसऱ्या दिवशी फाडलेल्या डासात त्याच पेशी मोठ्या झालेल्या होत्या. परजीवी डासात जिवंत राहतो आणि वाढतो, याचा हा पहिला पुरावा. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर लवकरच त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाडा येथे झाली. तिथे हिवतापाचे रुग्ण फारसे नव्हते आणि काम अडले. १८९८ च्या आरंभी ते कलकत्त्याला पोचले, तर प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटातून रक्त काढू देईनात. तेव्हा रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. जुलै १८९८ मध्ये त्यांनी दाखवले, की परजीवी डासाच्या जठरातून त्याच्या लाळग्रंथीत जातो आणि डास चावला की निरोगी पक्ष्याच्या रक्तात उतरतो. म्हणजे रोग पाण्यातूनही येत नव्हता आणि हवेतूनही नाही. तो सुईसारख्या सोंडेतून येत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत हेच ॲनोफिलीस डासावर सिद्ध केले.

तरी लोकांना पटायला साधी, डोळ्यांना दिसणारी परीक्षा हवी होती. ती १९०० मध्ये मॅन्सन यांनी घडवून आणली. रोमजवळच्या ओस्तिया भागात हिवतापाचा कहर असे. तिथे एक लाकडी घर उभारले गेले. त्याच्या सगळ्या दारा-खिडक्यांना तारेची बारीक जाळी होती. सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर हंगामभर त्या घरात राहिले. दिवसा ते मोकळे हिंडत. सूर्य मावळण्याआधी घरात शिरत आणि उजाडल्यावर बाहेर पडत. क्विनाइनची एक गोळीही घेत नसत. रात्री खिडक्या सताड उघड्या असत आणि दलदलीवरची तीच बदनाम हवा जाळीतून आत येत असे. आजूबाजूचे शेतकरी तापाने फणफणत होते, पण या दोघांना हिवताप झाला नाही. दुसरीकडे, रोमहून लंडनला पाठवलेले बाधित डास मॅन्सन यांच्या मुलाने स्वतःला चावून घेतले. त्याला लंडनमध्ये हिवताप झाला. हवा निर्दोष आहे आणि चावा दोषी आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

रॉस १८९९ मध्ये हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत शिकवू लागले. १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. स्वभावाने ते तापट होते. शोधाचे श्रेय कुणाचे यावरून ग्रासी यांच्याशी त्यांचे हाडवैर झाले, पुढे मॅन्सन यांच्याशीही बिनसले. पण त्यांची खरी धडपड होती ती शोध लोकांच्या उपयोगी पडावा यासाठी. बंगळुरूचे ते पिंप त्यांच्या डोक्यातून कधी गेले नाही. साचलेले पाणी काढा, डबकी बुजवा, अळ्या मारा, असे ते सरकारांना सांगत राहिले. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया शहरात ही पद्धत उत्तम चालली आणि काही वर्षांतच तिथला हिवताप ओसरला. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतल्या प्रयोगात मात्र अपेक्षित यश आले नाही. वाळवंटातल्या शहरात पाण्याच्या जागा मोजक्या असतात. कालव्यांच्या आणि शेतांच्या मुलखात त्या मोजता येत नाहीत.

याच प्रश्नावर विचार करताना त्यांचे आवडते गणित कामी आले. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की हिवताप संपवण्यासाठी शेवटचा डास मारावा लागत नाही. माणसामागे डासांचे प्रमाण एका मर्यादेखाली आणले की रोगाची साखळी आपोआप तुटते. साथरोगांच्या आजच्या गणिताचा पाया असाच घातला गेला. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये, त्यांच्याच नावाच्या संस्थेत त्यांचे निधन झाले.

गडचिरोलीचे जंगल हे इस्माइलिया नव्हे. इथे हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीसची एक जात झुळझुळ वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठच्या गवतात वाढते, दुसरी नाल्यातल्या डबक्यांत आणि धानाच्या बांधीत. हुसेन खानच्या रक्तात होता तोच मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपॅरम परजीवी इथेही जीव घेतो. घराजवळचे पिंप, टाके, टायर आठवड्यातून एकदा कोरडे केलेच पाहिजेत, पण प्रत्येक ओढा उपडा करता येत नाही. म्हणून इथे लढाई झोपलेल्या माणसाभोवती लढावी लागते.

त्या लढाईत बंद खिडकीचा उपयोग फार थोडा. कुडाची भिंत आणि कवेलूंचे छप्पर यांच्यामध्ये फट असते, डास तिथून सहज आत येतो. आत कोंडून राहतो तो चुलीचा धूर, आणि धुराने लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर बंद खोलीत त्याचे जंतू इतरांपर्यंत लवकर पोचतात. क्षयासाठी खिडकी उघडा आणि हिवतापासाठी लावा, असे दोन सल्ले एकाच घराला मिळाले तर माणूस गोंधळणारच. ओस्तियाच्या त्या घरात या गोंधळाचे उत्तर आहे. हवा येऊ द्यायची, डास अडवायचा. शक्य तिथे खिडकीला बारीक जाळी लावावी. तिचा खर्च झेपत नसेल किंवा भिंतीला फटीच फटी असतील, तर कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी अंधार पडल्यावर प्रत्येक अंथरुणावर लावावी आणि कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. ती मासे धरायला किंवा धान झाकायला वापरू नये. शेतातल्या मचाणावर, मोहफुलाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत रानात मुक्काम पडला, तर तिथेही ती सोबत हवी.

फवारणीचे कर्मचारी आले की त्यांना झोपायच्या खोलीतही फवारू द्यावे. डास रक्त पिऊन भिंतीवर टेकतो आणि औषध तिथेच काम करते. फवारणीनंतर लगेच भिंत सारवली तर औषध मातीखाली जाते, म्हणून सारवण आधी उरकावे. एकाच घराने हे केले तर त्याचा बचाव काही प्रमाणात होतो. टोल्यातल्या सगळ्या घरांनी केले, तर रॉस यांनी मांडलेल्या गणितातल्या मर्यादेकडे गाव सरकते आणि मच्छरदाणी नसलेल्या पाहुण्यालाही त्याचा फायदा होतो.

एवढे करूनही ताप आला तर रात्रीच्या हवेला दोष देत थांबू नये. त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. चाचणीचे उत्तर थोड्या मिनिटांत मिळते. हिवताप निघाला तर ताप उतरला तरी औषधे दिलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावीत. गरोदर बाई, लहान मूल, झटके, बरळणे किंवा सारखी उलटी असेल तर गाडीची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.